डाग पडतील, एवढं तरी सांगा

भाद्रपद लागायला आठवडा होता. राजोडीहून नालासोपाऱ्याला निघालेली बस, माझ्या मागच्या बाकावर दोघीजणी आणि त्यांचं कुजबुजणं.

"तुझी कधी आहे गं?"

"नेमकी गौरी यायच्या त्या दिवशी. आणल्यात गोळ्या."

"मला पण लागतील. नाव काय?"

"नाव कुठे विचारलं? पाळी पुढे ढकलायच्या म्हटलं की देतो तो."

बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे दुसऱ्यांच्या बोलण्यात नाक खुपसायची खोड मला जडली आहे. मी वळून विचारलं, "कधीपासून सुरू करायच्या, बंद केल्यावर काय होईल, ते सांगितलं का त्याने?" त्या पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर बसमध्ये काहीतरी अचकटविचकट बोलले होते. "काकी, तो पुरुष आहे. त्याला हे कसं विचारायचं?"

म्हणजे त्याच्याकडून गोळी घेता येते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, पर्सच्या तळाशी दडपून घरी आणता येते. पाण्याच्या घोटाबरोबर पोटात ढकलता येते. फक्त विचारता येत नाही. आणि तो पुरुषही काही सांगत नाही, कारण सांगायचं म्हणजे त्याला 'पाळी' हा शब्द गिऱ्हाइकांसमोर उच्चारावा लागेल. गल्ल्यात नोटा मोजताना त्याचा संकोच बरा कुठे जातो?

मग मीच सांगितलं. बसमध्येच. कंडक्टरने तिकिटं फाडण्याचं नाटक करत ऐकलं, ऐकू दे. त्या गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन. पाच मिलिग्रामची, साधारणपणे दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची. गोळी चालू आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर जागच्या जागी राहतं, थांबवली की दोन-तीन दिवसांत सुटतं आणि पाळी येते. उशिरा सुरू केलीत तर ऐन आरतीत डाग लागू शकतात, मधली एखादी विसरलात तरी तेच. आणि ही गोळी अशी चार दिवस घेतल्याने मूल राहायचं थांबत नाही. हे शेवटचं ऐकून दुसरी बाई दचकली. गेल्या वर्षी तिने तसंच समजून घेतल्या होत्या म्हणे. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय! ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचं काही दुखणं आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकवणारी अर्धशिशी आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. खरं तर ही चिठ्ठीवर द्यायची गोळी. पण गणपतीच्या आठवड्यात या गोळीसाठी चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला कुणी मला दाखवावा, मी स्वतः जाऊन त्याच्या दुकानाला तोरण बांधीन.

गौरीला आपण माहेरवाशीण म्हणतो. तीन दिवसांसाठी माहेरी आलेल्या लेकीच्या घरात पाळी आलेली बाई चालत नाही, हा कुठला न्याय? ती गौरीही बाईच ना! लेक माहेरी आली आणि तिची पाळी आली तर आई तिला घराबाहेर बसवते का? (बसवते. माझ्या आजीने माझ्या आईला बसवलं होतं, पडवीत, पोत्यावर. म्हणून तर आज हा गोळ्यांचा धंदा जोरात आहे. पडवी गेली, पोतं गेलं, आता गोळ्यांची पट्टी आली, एवढीच सुधारणा.)

गैरसमज नको. मी गोळीच्या विरोधात नाही. मूल टाळायच्या गोळीने बायकांना दिलं तेवढं बऱ्याच संतांनी आणि समाजसुधारकांनी मिळूनही दिलं नसेल. माझं भांडण आहे ते गोळीसोबत जे बोलायला हवं आणि बोललं जात नाही, त्याच्याशी. त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

१९९३ साल. राजोडी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा व्हायला अजून एकवीस वर्षं होती. किनाऱ्यावर सुरूची झाडं होती आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी वरात नव्हती. माझं माहेर आगाशीचं, सासर राजोडीचं, म्हणजे दोन्हीकडे वाडी, केळी, पानवेल आणि दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींच्या पाळीच्या तारखा पाठ. थोरला दीड वर्षाचा. मला शाळा, नवऱ्याला विरार लोकल. इतक्यात दुसरं नको असं आम्ही दोघांनी ठरवलं. दूरदर्शनवर माला-डीची जाहिरात लागली की सासरे घसा खाकरत अंगणात जायचे, इतपत गोळीची ओळख आमच्या घराला होती. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडे गेले. त्याने मान वर न करता चिठ्ठी लिहिली. "रोज रात्री एक." संपलं.

बाराव्या दिवशी डाग पडला. मग दोन दिवस काही नाही. मग पुन्हा. पाकीट संपता संपता नेहमीसारखं अंगावरून गेलं, पण दीडच दिवस, आणि तेही तपकिरी. दुसऱ्या पाकिटात पुन्हा मध्येच डाग. आमच्या घरचा तेव्हाचा नियम असा, की पाळी आली की चार दिवस देवघरात आणि स्वयंपाकघरात जायचं नाही. डागांचं काय करायचं ते कुणाच्याच शास्त्रात नव्हतं. एका सकाळी सासूबाईंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. "आज काय आहे? आत की बाहेर?" मलाच ठाऊक नव्हतं. महिन्यातले अकरा दिवस मी त्या उंबऱ्यावर उभी होते असं समजा, आत ना बाहेर.

पुन्हा त्याच डॉक्टरकडे. एखादी गोळी चुकली का, उलटी झाली का, आणखी काही औषध चालू आहे का, यातलं अक्षर त्याने विचारलं नाही. म्हणाला, "पिशवी साफ करून घेऊ." क्युरेटिंग! गोळी सुरू करून दोन महिनेही न झालेल्या, सव्वीस वर्षांच्या धडधाकट बाईला. मी घाबरले, घरी आले आणि राहिलेलं पाकीट चुलीत टाकलं.

टाकल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावरून गेलं. म्हटलं, सुटले. मग महिना झाला, पस्तीस दिवस झाले, चाळीस झाले. काही नाही. सासूबाईंचं निदान तयार होतं. गोळ्यांनी पाळी अडवली, रक्त आत साठलं. पपई आली, तीळ आले, गूळ आला, कुणाच्या तरी मावशीने सांगितलेला काढा आला. सातव्या आठवड्यात कळलं की रक्त कुठेही साठलेलं नाही, मला दिवस गेलेत. माझा धाकटा मुलगा हा त्या डॉक्टरने न बोललेल्या वाक्याचा परिणाम आहे. आता तो तिशी ओलांडून गेलाय, गुणी आहे, हे वाचून माझ्यावर चिडेल. बाळा, तुझ्यावर माझा जीव आहे, पण तू आमच्या हिशेबात नव्हतास हे तुला एव्हाना कळायला हरकत नाही.

वाक्य कोणतं? "पहिले दोन-तीन महिने मधूनमधून डाग पडतील, घाबरू नका, गोळी चालू ठेवा." मोजा. अकरा शब्द. दहा सेकंदं लागत नाहीत. त्या डॉक्टरने फी मोजून घ्यायला याहून जास्त वेळ घेतला होता.

डाग का पडतात, तेही अवघड नाही. आमच्या वाडीत लग्न निघालं की झावळ्यांचा मांडव घालतात. शरीरही दर महिन्याला तेच करतं. पाहुणा येईल म्हणून गर्भाशयाच्या आत मांडव घालतं, रक्ताचा, जाडजूड. पाहुणा आला नाही की मांडव मोडतं, ती पाळी. गोळी रोज घ्यायला लागलात की एक तर बीजच सुटत नाही, आणि दुसरं म्हणजे मांडव पुरता घातला जात नाही. चार वासे उभे राहतात, वर दोन झावळ्या. सुरुवातीच्या महिन्यांत शरीराची या नव्या कारभाराशी घडी बसलेली नसते, त्या तकलादू मांडवातून अधूनमधून एखादी झावळी गळते, तो डाग. महिना संपताना मोडायला फारसं काही नसतं, म्हणून पाळी कमी जाते, दुखतही कमी, कधी कधी तर दोन थेंबांवर भागतं. आत काही साठत नाही. साठायला मुळात तयारच झालेलं नसतं! हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. त्या अडाणी नव्हत्या, चाळीस मांडव त्यांनी डोळ्यांदेखत घातलेले आणि मोडलेले पाहिले होते. त्यांना सांगणारंच कुणी नव्हतं.

गोळी विसरली, उलट्या-जुलाब झाले, टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असलं किंवा फिटची काही औषधं असली, तरी डाग पडतात. आणि तेव्हा तो डाग म्हणजे गोळीचं संरक्षण कमी पडल्याची खूण असू शकते. म्हणून तर डॉक्टरने विचारायचं असतं. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. तीन महिने उलटूनही डाग थांबत नाहीत, संबंधानंतर रक्त येतं, तासाला एक पॅड भिजतो, तर मात्र 'गोळीचंच असेल' म्हणत घरी बसू नका. आणि पोटरी सुजली, छातीत दुखलं, कधी दुखलं नव्हतं तसं डोकं दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पस्तिशीपुढच्या तंबाखू ओढणाऱ्या बाईने, वाढलेलं ब्लडप्रेशर असणारीने, अंगावर पाजणाऱ्या ओल्या बाळंतिणीने ही दोन हॉर्मोनांची गोळी मुळात सुरूच करायची नसते. हेही चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचं असतं. मला विचारलं नव्हतं.

आता पाकिटातल्या त्या शेवटच्या सात गोळ्या. माला-एन घ्या नाहीतर माला-डी, अठ्ठाविसांतल्या एकवीस पांढऱ्या हॉर्मोनच्या आणि सात गडद रंगाच्या, लोहाच्या. त्या सातांत पाळी थांबवणारं काही नाही, म्हणून त्याच दिवसांत अंगावरून जातं. माझ्या ओळखीच्या किती बायकांनी या सात गोळ्यांचं काय काय केलं ते ऐका. एकीने फेकून दिल्या, कारण "त्या घेतल्या की पाळी येते, उष्ण असतात." एक पाळी थांबेपर्यंत नवं पाकीट उघडायचीच नाही, रक्त जात असताना गोळी घेतली तर 'बाधेल' म्हणून. तिला कुणीच सांगितलं नव्हतं, की अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्या दिवशी नवी पट्टी सुरू, अंगावरून जात असलं तरी. अशा उशिरातच मुलं राहतात. मग गाव म्हणतं, गोळ्या खाऊनसुद्धा राहिलं, गोळी खोटी. गोळी खरी होती हो, बोलणारे मुके होते.

आणि चौथ्या आठवड्यातलं ते रक्त म्हणजे खरी पाळी नव्हेच. बीज सुटलेलं नसतं, नुसतं हॉर्मोन काढून घेतल्यावर येणारं ते रक्त. मग ही सात दिवसांची सुट्टी ठेवली कशाला? गोळीच्या सुरुवातीच्या प्रयोगांत बोस्टनच्या डॉ. जॉन रॉक यांनी बायकांना सलग हॉर्मोन दिलं, तेव्हा पाळी थांबल्यामुळे आपल्याला दिवस गेले असंच त्यांना वाटायला लागलं. मग त्यांचे सहकारी ग्रेगरी पिंकस यांनी दर महिन्याला थोडे दिवस गोळी थांबवायची तोड काढली. रक्त दिसलं की बाईला हायसं वाटतं! पुढे साठ वर्षं जगभरच्या बायका तो पायंडा निसर्गनियम समजून पाळत आल्या. २०१९मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञांच्या संस्थेने लेखी सांगून टाकलं, की या सात दिवसांच्या सुट्टीचा तब्येतीला काहीही फायदा नाही. आमच्या बसमधल्या पोरीला ही बातमी अजून पोचायची आहे. तिच्या मेडिकलवाल्यालाही.

हे जॉन रॉक पक्के कॅथलिक, रोज मिस्साला जाणारे. आमच्या पट्ट्यात एका वाडीत तुळशीवृंदावन तर शेजारच्या वाडीत क्रूस, त्यामुळे ही गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. अमेरिकन सरकारने १९५७मध्ये त्यांची गोळी मंजूर केली ती पाळीच्या तक्रारींसाठी, मूल टाळण्यासाठी तिला परवानगी मिळाली १९६०मध्ये. मधल्या तीन वर्षांत अमेरिकेतल्या बायकांना अचानक पाळीचे विकार फार जडले. १९६८च्या जुलैत पोप सहावे पॉल यांनी पत्रक काढून गोळीला मनाई केली, पण दुखण्यावर औषध म्हणून घ्यायला हरकत नाही अशी फटही ठेवली. माझी नंदाखाल चर्चची एक मैत्रीण आहे. तीन मुलांनंतर तिला पाळीचा भयंकर त्रास सुरू झाला आणि तो बारा वर्षं टिकला. गोळ्या तांदळाच्या डब्यात असायच्या. "फादरनी विचारलं तर?" मी एकदा म्हटलं. "फादरना माझ्या पाळीचं काय कळतंय!" ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण तांदळाच्या डब्यातल्या गोळीबद्दल शंका कुणाला विचारणार? तिलाही पहिले तीन महिने डाग पडले. तिने ते देवाने दिलेली शिक्षा म्हणून सोसले. आमच्याकडे उष्णता, तिच्याकडे पाप. निदान दोन धर्मांचं, दोन्हीकडे रोग एकच, न सांगण्याचा.

महाराष्ट्रात हे असायला नको होतं, याची मला जास्त चीड येते. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे होऊन गेले. १९२१मध्ये, गोळीच्या चाळीस वर्षं आधी, या माणसाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, स्वतःच्या खिशाला खार लावून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक त्यात खासगी शंका विचारायचे आणि कर्वे छापून सरळ उत्तर द्यायचे. १९३४मध्ये त्या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, दंड झाला. नव्वद वर्षं झाली. आज कुणी मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरला उत्तर दिल्याबद्दल दंड करत नाही. तरी ते उत्तर देत नाहीत. कर्व्यांना दंड झाला तो बोलण्याबद्दल, यांना न बोलण्याबद्दल करायला हवा.

पाकिटातला कागद वाचा म्हणतील. वाचला आहे. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, इंग्रजी भाषा आणि घडी अशी घातलेली की एकदा उघडली की पुन्हा पाकिटात जात नाही. त्यात पहिल्या महिन्यांत डाग पडण्याबद्दल लिहिलेलं असतंही. सव्विसाव्या ओळीत, यकृताच्या गाठीच्या आसपास. हा कागद बाईला माहिती देण्यासाठी काढलेला नाही, उद्या कोर्टात दाखवण्यासाठी काढलेला आहे.

सरकारचं म्हणाल तर माला-एन फुकट मिळते. २०१७पासून 'छाया' आणि 'अंतरा' आल्या. छाया म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, १९९१मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आलेली आपली देशी गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. हिने पाळी लांबते, कमीही जाते. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. त्याने आधी पाळी वेडीवाकडी येते आणि पुढे कित्येकींची थांबूनच जाते. सोडल्यावर दिवस राहायला सात-आठ महिनेही लागू शकतात. आमच्या भागातली एक आशाताई हे सगळं अंगणवाडीच्या पायरीवर बसून बायकांना समजावते, पाळीच्या चक्राचं चित्र खडूने फरशीवर काढून. तिला पगार नाही, मानधन मिळतं. फी घेणाऱ्यांना मात्र वेळ नसतो.

सोडतानाची गोष्ट तर कुणी काढतच नाही. सुरू करताना निदान चिठ्ठी असते, सोडताना बाई एकटी. पोर हवं म्हणून, नवरा परगावी गेला म्हणून, कुणीतरी घाबरवलं म्हणून ती एक दिवस गोळी थांबवते. दोन-चार दिवसांत रक्त येतं, ते हॉर्मोन काढल्याचं. तिची स्वतःची पहिली पाळी त्यानंतर बहुधा चार ते सहा आठवड्यांनी. ती मागेपुढे होते, दोन-तीन महिने घडी बसायला लागू शकतात. आणि गोळीच्या आधी जर पाळी अनियमित होती, भरपूर जायची, पोट पिळवटून दुखायचं, तर ते सगळं जुनं बिऱ्हाड परत येतं. गोळीने ते झाकलेलं असतं, घालवलेलं नसतं. बाई म्हणते, गोळीने माझी पाळी बिघडवली. अगं बाय, तुझी होती तशीच ती आली आहे! तीन महिन्यांत आलीच नाही तर दाखवायला हवं, पण त्याआधी, अगदी पहिल्यांदा, मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणावी. कारण गोळी थांबली की मूल राहायला वाट पाहावी लागत नाही, पहिल्याच महिन्यात राहू शकतं. मला विचारा.

'नुसते डाग तर आहेत, त्यासाठी एवढी आदळआपट कशाला' असं ज्या पुरुषांना वाटतं, त्यांनी बीडकडे बघावं. २०१९च्या जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनीच आकडा सांगितला, त्या एका जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका होत्या, विशी-तिशीतल्यासुद्धा. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम दंड लावतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जरा जास्त-कमी गेलं म्हणून डॉक्टरकडे जावं, तर तो कॅन्सरची भीती घालतो आणि चिरफाड करून मोकळा होतो. सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मला त्या बातम्या वाचताना आमच्या स्टेशनजवळचा तो डॉक्टर आठवत होता. "पिशवी साफ करून घेऊ." सूर तोच. मला पळून जायला घर होतं, नोकरी होती, पगार होता. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल होती. ज्या बाईला आपल्या रक्ताचा अर्थ ठाऊक नाही, तिला कुणीही काहीही विकू शकतं, गोळ्या, काढा नाहीतर ऑपरेशन.

आणि या सगळ्यात नवरे कुठे आहेत? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांनी स्वतःचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेलं निघालं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचत नाही, आणि ती शस्त्रक्रिया तर अधिक सोपी. ब्लडप्रेशरच्या एका गोळीने जरा खोकला आला तर माझा नवरा डॉक्टरला तीनदा फोन करतो, औषध बदलून घेतो. १९९३मध्ये माझे डाग त्याला ठाऊक होते. "बायकांचं असतं काहीतरी," असं म्हणून तो सात-चाळीसच्या लोकलला गेला होता. भला माणूस आहे. भल्या माणसांनीच हे चालवलंय.

बसमधल्या त्या पोरीला नालासोपाऱ्याला उतरताना मी म्हटलं, घ्यायची तर घे, पण डॉक्टरला विचारून घे, आणि देवासाठी घेत असशील तर घेऊ नकोस. ती हसली. तिने घेतल्या असणारच. सासू घरात, पाहुणे वीस, ती तरी काय करणार?

आमच्या घरचं सांगते. यंदा सुनेची तारीख गौरीपूजनाच्या दिवशीच पडते आहे. तिने मला विचारलं, मी कॅलेंडर पाहिलं आणि मेडिकलची वाट धरली नाही. पूजा तीच करणार आहे. हळदीच्या पानांतल्या पातोळ्याही तिच्याच हातच्या. गावाला हे आधीच कळावं म्हणून इथे छापून टाकते आहे. ज्यांना चालेल त्यांनी हळदीकुंकवाला जरूर यावं. ज्यांना चालणार नाही त्यांनी आदल्या दिवशी निरोप पाठवावा, पातोळ्या मोजून करायच्या आहेत.